कोपऱ्यातल्या मशीनची चाचणी

नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली तेव्हा मी भोसरीतल्या एका लहानशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. कारखाना कूलंट बनवायचा. लोखंड कापताना किंवा घासताना मशीन तापतं, म्हणून त्यावर सतत एक पांढरं, दुधासारखं पाणी सोडतात, ते कूलंट. तेल, साबण आणि आणखी काही रसायनं एकत्र करून आम्ही त्याचा अर्क बॅरलमध्ये भरून विकायचो आणि घेणारा त्यात आपलं पाणी मिसळून वापरायचा. माझ्याकडे नमुने तपासायचं काम होतं. बिडाचा कीस कूलंटने भिजवून कागदावर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी कागदावर गंजाचे डाग उमटले का ते पाहायचं. आज विचारलेल्या गोष्टीचं उत्तर उद्या मिळायचं. मला त्याची सवय झाली होती.

राजीनामा घेऊन गेले तर मालकांनी तो उघडूनही पाहिला नाही.

"तिकडे गाड्यांचे केवढे कारखाने उभे राहतायत," ते म्हणाले. "आपलं तिथं कुणी नाही. तुम्ही जाताच आहात, तर आपलं कूलंट विका."

"मी कधी काही विकलेलं नाही."

"रसायन कळतं ना? मग बोलणं जमेल हळूहळू."

'हळूहळू' हा शब्द त्यांनीच वापरला होता, एवढं मला आठवतं. पुढे वर्षभरात त्यांच्या तोंडून तो पुन्हा फारसा ऐकला नाही.

आम्ही वेस्ट मांबलममध्ये एका तीन मजली इमारतीत घर घेतलं. खाली भाजीवाला, शेजारी झेरॉक्सचं दुकान, चालत पाच मिनिटांवर स्टेशन. पहिले काही महिने मी अंबत्तूरपासून गुम्मिडिपूंडीपर्यंत कारखान्यांच्या गेटवर नाव लिहून बाकड्यावर बसण्यात घालवले. तमिळ येत नव्हतं. सर्वांत आधी जे शब्द शिकले ते 'नाळैक्कु वांगो', उद्या या. पहारेकरी ते अगदी मऊ आवाजात म्हणायचे, त्यामुळे सुरुवातीला मी खरंच दुसऱ्या दिवशी जायची. बायकांसाठी बहुतेक कारखान्यांत संडासही नसायचा. मी सकाळी चहा घेणं सोडलं.

गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात मात्र मला आत बोलावलं. तिथं गाड्यांच्या गिअरबॉक्सचे दांडे बनायचे. उत्पादनाचे प्रमुख पन्नाशी उलटलेले, सडपातळ, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले गृहस्थ होते. पहिल्या दोन भेटींत त्यांनी इंग्रजीत माझं ऐकून घेतलं, मान हलवली आणि कॉफी पाजून निरोप दिला. तिसऱ्या वेळी माझ्या कार्डावरचं आडनाव पुन्हा वाचलं आणि विचारलं, "तुम्हीं कोणचे? पुण्याचे?"

मी चमकले. ते तंजावूरकडचे होते. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं तिकडे गेलं होतं आणि घरात अजून मराठीच चालायचं. पण ते मराठी माझ्या कानाला जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं वाटायचं, आणि वर तमिळचा हेल. मोजायचं झालं की ते तमिळमध्ये मोजायचे, मशीनबद्दल बोलायचं झालं की इंग्रजीत. उरलेलं मराठीत.

"आमचं मराठी ऐकून तुम्हांस हसूं येईल," ते म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. हसू आलं होतं, पण ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

मला वाटलं, भाषा जुळली म्हणजे काम झालं. तसं झालं नाही. आणखी दोन महिने गेले आणि जानेवारीत पोंगलच्या सुट्ट्या संपल्यावर त्यांनी मला शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, नेलं. ग्राइंडिंगच्या लांबच लांब रांगेच्या शेवटी, भिंतीला लागून असलेलं एक मशीन दाखवलं.

"हें एक देतों. तुमचं कूलंट ह्यांत घाला. तुम्हींच येऊन तपासा. एक उन्हाळा जाऊं दे, एक पाऊस जाऊं दे. अप्परम बोलूं."

अप्परम म्हणजे नंतर. इथला पाऊस ऑक्टोबरमध्ये येतो आणि डिसेंबरपर्यंत राहतो. म्हणजे साहेब जवळजवळ एक वर्ष मागत होते.

"सर, आमच्याकडे गंजाची चाचणी एका दिवसात होते. मी स्वतः करते."

"ती तुमच्या प्रयोगशाळेंत," ते म्हणाले. मग कारण सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी एकाचं कूलंट घेतलं होतं. दोन महिने उत्तम चाललं, म्हणून सगळ्या मशीनांत घातलं. पावसाळ्यात माल पेट्यांत भरून गिऱ्हाइकाकडे गेला आणि तिथं पेट्या उघडल्या तेव्हा दांड्यांवर गंज. सगळा माल परत आला. ते गिऱ्हाईक टिकवायला त्यांना पुढचं वर्ष खर्ची घालावं लागलं. हे त्यांनी कुणाला नावं न ठेवता सांगितलं. ज्याने कूलंट विकलं होतं तो खोटं बोलला नव्हता, असंही म्हणाले; त्यालाही पावसाळ्यात काय होईल ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दर आठवड्याला मी गुम्मिडिपूंडीला जाऊ लागले. मांबलमहून पार्क स्टेशन, पूल ओलांडून सेंट्रलच्या बाजूचे लोकलचे फलाट, तिथून उत्तरेची गाडी, पुढे शेअर ऑटो. कूलंटचं प्रमाण मोजायचं, वास घ्यायचा, वर तरंगणारं तेल काढायला सांगायचं, वहीत आकडे लिहायचे आणि परत. काम अर्ध्या तासाचं, जाण्यायेण्यात दिवस संपायचा.

ते मशीन चालवणारा ऑपरेटर चाळिशीचा होता, बोलायला मोकळा. माझं मोडकं तमिळ तो न हसता दुरुस्त करायचा. जुन्या कूलंटने त्याच्या हातांची कातडी सोलवटली होती, बोटांच्या पेरांना भेगा होत्या. त्या कारखान्यात हे नवीन नव्हतं; रांगेतल्या निम्म्या लोकांचे हात तसेच होते. आमच्या कूलंटवर महिना-दीड महिना गेल्यावर त्याने मला तळवे पालथे-उताणे करून दाखवले. भेगा भरत आल्या होत्या.

"मेडम, सांबार कालवताना आता झोंबत नाही," तो म्हणाला.

त्याच्या शेजारच्या मशीनवर एक वयाने थोडा लहान, अबोल ऑपरेटर होता. त्याचे हात सर्वांत वाईट होते. तो काही बोलायचा नाही, पण मी आले की आपलं मशीन पुसत आमच्याकडे बघत राहायचा. एकदा त्याने विचारलं, आमच्या मशीनला कधी?

मी साहेबांना सांगितलं, "सर, हातांचा फरक तर आताच दिसतोय."

"दिसतो. चांगलं झालं," ते म्हणाले. "अजून उन्हाळा यायचाय."

मार्चमध्ये मालक स्वतः पुण्याहून आले. विमानाने आले म्हणजे त्यांनी गोष्ट मनावर घेतली होती. साहेबांच्या टेबलासमोर बसून त्यांनी दर कमी करून दिला, पहिली बॅरल फुकट देऊ केली, वर्षभराच्या सेवेची हमी दिली. साहेबांनी सगळं ऐकलं. कॉफी आली, ती मालकांपुढे सरकवली आणि मराठीत म्हणाले, "तुमचा माल चांगला दिसतो. किंमतीचा प्रश्न नाहीं. मला पाऊस बघायचाय."

परतीच्या टॅक्सीत मालक म्हणाले, "हा माणूस तुम्हाला फिरवतोय. कुणा दुसऱ्याकडून माल घ्यायचा ठरलाय आणि तुम्हाला कोपऱ्यात मशीन देऊन गप्प बसवलंय."

"मला तसं वाटत नाही."

"तुम्हाला भाषेमुळे आपलेपणा वाटतोय. दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर चेन्नई बंद करू."

त्यांची बाजूही मला कळत होती. पुण्यात त्यांना दर महिन्याला पगार वाटायचे असत, आणि मी पाठवलेल्या आकड्यांनी कुणाचे पगार होत नव्हते.

उन्हाळा आला तो पाण्याचं दुर्भिक्ष घेऊन. आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. आमच्या इमारतीत नळाला पाणी येणं बंद झालं, लॉरी यायची आणि बायका प्लास्टिकच्या घागरी रांगेत लावायच्या. गुम्मिडिपूंडीला कारखान्याच्या बोअरचं पाणी खारट झालं आणि तेही लॉरीचं पाणी घेऊ लागले. आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या.

मे महिन्यात एका सोमवारी गेले तर कोपऱ्यातल्या मशीनची टाकी ओळखू येईना. वर पिवळट साय, खाली गढूळ पाणी. कूलंट फाटलं होतं. नासलेल्या दुधासारखाच प्रकार: पाण्यात क्षार फार झाले की तेल आणि पाणी वेगळं होतं. ऑपरेटरने बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलेले दांडे दाखवले. त्यांच्यावर बारीक तांबूस ठिपके उठले होते.

साहेब आले. टाकीत बोट बुडवून पाहिलं, दांडा उचलून उजेडात फिरवला. मी कारणं सांगायला सुरुवात केली. पाणी, क्षार, लॉरी. ते म्हणाले, "हो, पाणीच. पण पाणी हेंच असणार आहे." रागावले नाहीत. मशीनही काढून घेतलं नाही. "ह्याला काय करतां तें सांगा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. मालकांचं पहिलं वाक्य होतं, "आपण तर त्यांना पाणी कसं हवं ते लिहून दिलं होतं."

"दिलं होतं. चांगलं पाणी इथं नाही."

"मग त्यांनी फिल्टर बसवावा."

मी म्हटलं, "मार्चमध्ये त्यांनी तुम्हाला ऑर्डर दिली असती तर आज अख्ख्या रांगेत हे झालं असतं. आणि सगळा माल आपल्या नावावर परत आला असता."

ते म्हणाले, "पाण्याचे नमुने पाठवा."

मी पाणी गोळा करायला लागले. कारखान्याच्या बोअरचं, लॉरीचं, आमच्या इमारतीच्या विहिरीचं, आणि टी. नगरमध्ये एका साडीच्या दुकानात काम करणाऱ्या शेजारणीने तिच्या दुकानाच्या टाकीतून आणून दिलेलं. अर्धं पुण्याला पार्सलने गेलं, अर्धं मी घरात ठेवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत वेगळं पाणी आणि आमचं कूलंट. नवरा सकाळी कॉफी करताना बरण्यांकडे बघायचा. एकदा म्हणाला, "यातली कुठली चुकून दह्याला विरजण म्हणून वापरली तर?" पण बरण्या त्याने हलवल्या नाहीत.

मालक मुळात रसायनातलेच. धंदा वाढल्यापासून त्यांनी हाताने काही बनवलं नव्हतं. आता ते स्वतः प्रयोगशाळेत बसू लागले, असं मला तिथल्या जुन्या मैत्रिणीने कळवलं. त्यांनी पाठवलेला पहिला नमुना माझ्या खिडकीत दोन दिवसांत फाटला. दुसरा टिकला, पण त्याला फेस इतका यायचा की मशीनच्या बाहेर ओसंडला; ऑपरेटर फेसात उभा राहून हसत होता. तिसरा टिकला. फेसही बेताचा. तो आम्ही कोपऱ्यातल्या मशीनमध्ये घातला आणि मी पुन्हा दर आठवड्याला जाऊ लागले. साहेबांनी जानेवारीपासूनचे आकडे बाजूला ठेवले. आता तिसरा नमुना ऑक्टोबर ते डिसेंबर कसा राहतो ते बघायचं होतं.

या सगळ्यात शेजारच्या मशीनवरचा अबोल ऑपरेटर मागे पडला होता. जुलैमध्ये गेले तर त्याच्या जागी दुसराच माणूस. तो कुठे गेला विचारलं तर कळलं, हात फारच बिघडले म्हणून त्याला पॅकिंगला पाठवलंय. तिथं ओव्हरटाइम नव्हता. मी पॅकिंग विभागात डोकावले. तो पेट्यांना पट्ट्या मारत होता, दोन्ही हातांना कापड गुंडाळलेलं. मला पाहून त्याने मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. आजवर त्यांच्यापुढे मी बेताने बोलायची. त्या दिवशी नाही.

"सर, तुम्ही थांबू शकता," मी म्हटलं. "मी थांबू शकते. पण हे थांबणं त्या लोकांच्या हातांवर चाललंय."

त्यांनी चष्मा काढला.

"मे महिन्यांत सगळीकडे तुमचं कूलंट असतं, तर माल परत येता," ते म्हणाले. "गिऱ्हाईक जातं. मग हात बरे असून काय करणार? घरीं बसणार."

"ते मला मान्य आहे."

"मग?"

"मग मधल्या काळात काहीच करायचं नाही का?"

त्यांनी कागद पुढे ओढला आणि इंग्रजीत विचारलं, काय करता येईल, एकेक सांगा. मी सांगितलं. जुनं कूलंट टाकीत महिनोन्‌महिने कुजू न देता लवकर बदलायचं. कामावर यायच्या आधी हाताला लावायला मलम ठेवायचं. हात धुवायला रॉकेल आणि चिंध्या बंद करून चांगला साबण आणि गोडं पाणी ठेवायचं. त्यांनी लिहून घेतलं. गोड्या पाण्याशी पेन थांबलं, कारण ते त्या उन्हाळ्यात सर्वांत महाग होतं. मग तेही लिहिलं.

पुढच्या खेपेला बेसिनशेजारी पाण्याची एक निळी टाकी उभी होती आणि भिंतीवर मलमाचे डबे. जुनी कूलंटं काढून टाक्या खरवडून धुतल्या गेल्या होत्या. हे त्यांना जानेवारीतच करता आलं असतं. मला सुचायलाही जुलै उजाडला होता.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. रस्त्यांत पाणी साचलं, उत्तरेकडच्या गाड्या उशिरा धावल्या, समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट की घरात मीठ पाझरायचं. कोपऱ्यातल्या मशीनवर घासलेले दांडे साहेबांनी मुद्दाम न पुसता, तेल न लावता एका ट्रेमध्ये खिडकीखाली ठेवायला लावले. मी दर आठवड्याला ते उचलून बघायची. दिवाळी आली तेव्हा मालकांनी चेन्नई बंद करायचा विषय काढला नाही. त्यांनी विचारलं, "ट्रेमधले दांडे कसे आहेत?"

"स्वच्छ आहेत."

"बरं," ते म्हणाले. "बघू."

जानेवारीत निम्म्या रांगेची ऑर्डर मिळाली. उरलेल्या निम्म्या रांगेची पुढचा उन्हाळा गेल्यावर. त्यानंतर अंबत्तूरच्या दोन कारखान्यांनी आपण होऊन बोलावलं, कारण साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. मालकांनी पुण्यात एक नवीन टेबल लावलं, त्यावर देशभरातून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि नवीन माणसांना ते सांगू लागले की आपण घाई करून माल विकत नाही. ते ऐकताना मला टॅक्सीतला प्रवास आठवायचा, पण त्यांनी तिसरा नमुना स्वतःच्या हातांनी बनवला होता हेही खरं होतं.

पॅकिंगमधल्या माणसाला मशीनवर परत यायचं का, असं साहेबांनी बोलावून विचारलं. मी तिथंच होते. त्याचे हात आता जवळजवळ बरे झाले होते. तो नको म्हणाला. पैसे कमी मिळतात, पण तिथंच बरं वाटतं, म्हणाला. साहेबांनी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा तेच म्हणाला आणि परवानगी घेऊन गेला.

पुढे नवऱ्याची नागपूरला बदली झाली, त्याच सुमारास साहेब निवृत्त व्हायचे होते. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांचं टेबल बरंचसं रिकामं झालं होतं. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं.

"सर, खरंच एक वर्ष लागणार होतं का? कमी दिवसांत नसतं का कळलं?"

त्यांनी विचार केला. उत्तर आधीपासून तयार असलेल्या माणसासारखा नाही, खरंच केला.

"ठाऊक नाहीं," ते म्हणाले. "कदाचित सहा महिने पुरते. पाणी खारट झालं म्हणून कळलं. तें मला थोडंच माहीत होतं? मला पावसाचं भय होतं, आणि चूक निघाली उन्हाळ्यांत."

कॉफी आली. ती फार गोड होती. साहेबांनी मुलीकडे मदुराईला राहायला जायचा बेत सांगितला, मी नागपूरच्या उन्हाबद्दल सांगितलं. मग साडेचारची गाडी होती म्हणून मी उठले. ते गेटपर्यंत आले, पहारेकऱ्याला माझ्यासाठी ऑटो थांबवायला सांगितलं आणि ऑटो येईपर्यंत उन्हात उभे राहिले.